रिकाम्या टांकीचा भरंवसा

गेल्या कांहीं महिन्यांत या सदराकडे एकाच विषयाचीं तीन पत्रें आलीं. तिन्ही घरांतील मुलगे अगर भाचे अमेरिकेच्या थंड भागांत घर करून राहिले आहेत. आणि प्रोपेन गॅसची जुनी मोठी टांकी विकत घेऊन, तींत कढत पाणी सांठवून, त्यावर हिंवाळ्यांत घर ऊबदार ठेवावें असा त्यांचा बेत चालला आहे. वडील मंडळींचा प्रश्न एवढाच, कीं हा बेत शहाणपणाचा कीं साहसाचा? एका भगिनींनीं लिहिलें आहे, "मुलगा म्हणतो, टांकी कित्येक वर्षें रिकामी पडली आहे, मग भीति कसली? पण त्याचा निरोप आल्यापासून मला झोंप लागत नाहीं."

माझें उत्तर असें, कीं मुलाचा बेत चांगला आहे आणि आईची भीतीही खरी आहे. चूक आहे ती 'रिकामी' या एका शब्दांत. मी मॅट्रिकपर्यंत इंग्रजी व पुढें पाठशाळेंत संस्कृत शिकलेला मास्तर. यंत्रशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु २०२४ सालच्या ऑक्टोबरांत मी माझ्या पुतण्याकडे अमेरिकेंतील व्हर्माँट राज्यांत राहावयास गेलों असतां हेंच काम आरंभापासून शेवटपर्यंत माझ्या डोळ्यांदेखत झालें, आणि तें करणाऱ्या जाणत्या कारागिराला मीं शाळेंतल्या पोराप्रमाणें प्रश्न विचारून बेजार केलें. त्या वेळीं वहींत टिपून ठेवलेलें येथें देतों.

प्रथम, हा खटाटोप कशासाठीं? व्हर्माँटमध्यें हिंवाळ्यांत पारा शून्याखालीं वीस अंश उतरणें ही नवलाची गोष्ट नाहीं. आणि रान मुबलक असल्यामुळें तेथें पुष्कळ कुटुंबें घर लांकडावरच तापवितात. पण लांकडाचा एक स्वभाव आहे. तें भडकून पेटलें म्हणजे स्वच्छ जळतें. वारा कोंडून धुमसत ठेवलें म्हणजे अर्धवट जळतें, धूर करतें, आणि धुराड्याच्या आंत डांबरासारखा थर बसवितें. हा थर कधीं काळीं पेटला म्हणजे घरालाच आग लागण्याचें भय. घराला तर उष्णता थोडी थोडी पण चोवीस तास पाहिजे. मग उपाय असा, कीं दिवसांतून एकदां जाळ जोरांत करावा, निघालेली उष्णता पाण्यांत सांठवावी, आणि तें पाणी रात्रभर नळ्यांतून घरांत फिरवावें.

आपल्या वाचकांना ही कल्पना नवी नाहीं. न्हाणीघरांतला तांब्याचा बंब तरी दुसरें काय करतो? पहांटे मधल्या नळींत ढलप्या पेटविल्या, कीं भोंवतालचें पाणी तापतें. आणि जाळ विझल्यावरही दहा माणसांच्या आंघोळी होईपर्यंत तें कढतच असतें. जुन्या घाटाच्या बंबांत वरच्या नरसाळ्यांत थंड पाणी ओतलें म्हणजे तोटींतून कढत पाणी बाहेर येतें, हें लहानपणीं आपण पाहिलेलेंच आहे. थंड पाणी जड म्हणून तळाशीं जातें, कढत पाणी हलकें म्हणून वर राहतें, आणि न ढवळलें तर दोन्ही लौकर मिसळत नाहींत. पुतण्याच्या टांकीचें तत्त्व हेंच. भेद फक्त आकाराचा, आणि पुढें सांगणार आहें त्या एका फार महत्त्वाच्या गोष्टीचा.

आकार किती, तें पाहा. ५०० गॅलनची टांकी म्हणजे आपले सुमारें १९०० लिटर. लांबी दहा फुटांच्या आसपास व जाडी तीन फुटांहून थोडी अधिक. तेवढें पाणी ५० अंशांपासून ८५ अंशांपर्यंत तापविलें, तर त्यांत सुमारें ६६,००० किलोकॅलरी, म्हणजे विजेच्या हिशेबानें ७७ युनिट, उष्णता सांठते. चांगल्या बॉयलरांत त्याला सुमारें २४ किलो वाळलेलें लांकूड पुरतें. एवढ्यांत बेताच्या घराची एक रात्र निघते.

आतां, गॅसचीच टांकी कां? कारण ती मजबूत असते. प्रोपेन हा वायु दाबाखालीं द्रव होऊन टांकींत राहतो. म्हणून अशी टांकी साधारणपणें चौरस इंचास २५० पौंड दाब सोसावा या हिशेबानें बनविलेली असते. घर तापविणाऱ्या पाण्याचा दाब बहुधा ३० पौंडांच्या आंतच असतो. शिवाय जुनी टांकी नव्या पाणसांठ्याच्या मानानें पुष्कळच स्वस्त पडते. आणि बंद नळ्यांतून तेंच तें पाणी फिरत राहिल्यामुळें त्यांतील प्राणवायु लौकर संपतो, व आंतून गंज फारसा वाढत नाहीं. एकंदरींत, हिशेबी माणसाला मोह पडावा असाच हा सौदा आहे.

पुतण्यानें ही टांकी एका शेतकऱ्याकडून घेतली होती. वरची तोटी काढलेली, तोंड उघडें, काटा शून्यावर. मी पोंचल्यानंतरच्या पहिल्याच रविवारीं शेजारचे एक गृहस्थ आपलें कापणीचें गॅसयंत्र घेऊन आले. नळ्यांसाठीं दोन भोंकें पाडावयाचीं, अर्ध्या तासाचें काम, असें दोघांचें बोलणें चाललें होतें. पुतण्याचीं दोन्ही मुलें अंगणांत पानें गोळा करीत होतीं. मीं ओट्यावरून विचारलें, "अरे, रिकामी आहे हें कशावरून?"

"काका, सात वर्षें उघडी पडली आहे. आंत कांहीं दिसत नाहीं, वास नाहीं. तुम्ही काळजी करूं नका."

त्या शब्दांसरशीं मला १९९८ सालचा एक दिवस आठवला. आमच्या गांवांत माझा एक जुना विद्यार्थी वेल्डिंगचें दुकान चालवीत असे. मुलगा फार चलाख; सुटींत माझ्या ओट्यावर बसून तर्कसंग्रह वाचीत असे. एका शेतकऱ्याचें डिझेलचें जुनें पिंप अर्ध्यांत कापून त्याचें गुरांसाठीं द्रोणपात्र करून द्यावयाचें होतें. पिंप वर्षभर उन्हांत उताणें पडलेलें, झांकण नाहीं. त्यानें आंत डोकावून पाहिलें, आणि ज्योत लावली. तें फुटलेलें पिंप मीं पाहिलें. त्याला पाहण्याचें धैर्य मला झालें नाहीं. तो तीन दिवस जगला. त्याचे वडील मला इतकेंच म्हणाले, "मास्तर, तो म्हणाला होता कीं रिकामें आहे." त्याला मीं घट आणि भूतल शिकविलें होतें, पिंप शिकविलें नव्हतें.

घट आणि भूतल म्हणजे काय, तें वाचकांस सांगितलें पाहिजे. कारण या विषयाचें मर्म तेथेंच आहे. जमिनीवर घट नाहीं हें आपणांस कशावरून कळतें? तो दिसत नाहीं यावरून. पण आपले नैयायिक येथें लगेच एक अट घालतात. जी वस्तु असती तर दिसली असती, तिच्याच न दिसण्यावरून तिचा अभाव ठरतो. याला ते योग्यानुपलब्धि म्हणतात. अंधाऱ्या खोलींत घट दिसला नाहीं, म्हणून तो तेथें नाहींच, असें म्हणतां येत नाहीं.

हाच नियम टांकीला लावा. प्रोपेनला रंग नाहीं आणि स्वतःचा असा वासही नाहीं. गळती कळावी म्हणून त्यांत मुद्दाम एक उग्र वासाचें द्रव्य मिसळतात; पण टांकीच्या आंतील गंज तें द्रव्य शोषून घेऊं शकतो. म्हणजे वायु असला तरी डोळ्यांस दिसणार नाहीं, आणि नाकास कळेलच असेंही नाहीं. काटा शून्यावर असणें म्हणजे आंतला दाब बाहेरच्याएवढा असणें. आंत काय आहे तें काटा सांगत नाहीं. शिवाय हा वायु हवेच्या दीडपट जड असल्यामुळें वरचें तोंड उघडें ठेवल्यानें तो सगळा निघून जाईल, असा भरंवसा नाहीं. आणि गॅसबरोबर आलेलें तेलकट कीट तळाशीं व गंजाच्या पापुद्र्यांखालीं वर्षानुवर्षें चिकटून बसतें. थंडींत तें स्वस्थ असतें. बाहेरून ज्योतीचा ताव लागला, कीं त्यांतून ज्वालाग्राही वाफ सुटूं लागते.

याहून विलक्षण गोष्ट ही, कीं गॅसनें पुरी भरलेल्या टांकीपेक्षां जवळजवळ रिकामी टांकी आंतून अधिक स्फोटक असते. नुसता प्रोपेन हवेवांचून जळत नाहीं. शंभर भाग मिश्रणांत सुमारें २ ते ९॥ भाग प्रोपेन व बाकीची हवा असली, म्हणजे तें मिश्रण ठिणगीसरशीं भडकतें. १९०० लिटरच्या टांकींत दोन भाग म्हणजे सुमारें ४० लिटर वायु. आणि एक लिटर द्रव प्रोपेनाची वाफ सुमारें २७० लिटर होते. म्हणजे फुलपात्रभर द्रव उरला, तरी ती अवाढव्य टांकी तोफेच्या गोळ्यासारखी फुटण्यास पुरे.

त्या रविवारीं मीं हें शास्त्र सांगितलें नाहीं. मला तें तेव्हां ठाऊकही नव्हतें. मीं फक्त त्या मुलाची गोष्ट सांगितली. पुतण्यानें शेजाऱ्यांची क्षमा मागून यंत्र परत पाठविलें, आणि दाबाच्या भांड्यांवर काम करण्याचा दाखला असलेल्या एका वृद्ध कारागिराला बोलाविलें.

त्यानें आल्याबरोबर टांकीवरची पाटी शोधली. बनविणाऱ्याचें नांव, साल, व किती दाबासाठीं बनविली, हें अशा पाटीवर कोरलेलें असतें. पाटी नसेल, वाचतां येत नसेल, किंवा पोलादाला खोल गंजाचे खड्डे पडले असतील, तर ती टांकी भंगाराची, असा त्याचा दंडक. पुढें त्यानें कागद मागितला. तेथें पुष्कळ अंगणांतील टांक्या गॅस पुरविणाऱ्या कंपनीनें भाड्यानें दिलेल्या असतात. घर ज्याचें, टांकी त्याचीच, असें नसतें. टांकींत द्रव गॅस असेल तर तो काढणें हें गॅसवाल्याचेंच काम; अंगणांत मोकळा सोडून देणें म्हणजे तो सखल जागीं सांचून दूरवरच्या विस्तवाला भेटावयास पाठविणेंच होय.

नंतर त्यानें टांकी पाण्यानें कांठोकांठ भरविली. पाणी चढूं लागलें, तशी आंतली हवा वरच्या तोंडांतून बाहेर पडूं लागली. आणि शेवटीं शेवटीं पाण्यावर पिवळसर तेलकट तवंग तरंगत आला. सडक्या कांद्यासारखी दुर्गंधि सबंध अंगणभर पसरली. सात वर्षें 'वास नाहीं' म्हणविणारी टांकी ती हीच! पुतण्या कांहीं बोलला नाहीं. त्यानें मुलांना तेवढें घरांत पाठविलें.

तें पाणी मोकळ्यावर न सोडतां रीतसर नेण्याची व्यवस्था झाली. मग टांकी कढत साबणपाण्यानें दोनदां धुतली, गॅस मोजण्याच्या यंत्रानें आंतली हवा तपासली, आणि नवें पाणी भरलें. कापावयाच्या जागेच्या जरासें खालींपर्यंत पाणी ठेवून व वरचें तोंड उघडें ठेवून मगच त्यानें ज्योत पेटविली. म्हणजे वायूला सांचावयास जागाच उरली नाहीं. मोटारीचा धूर टांकींत सोडला कीं काम भागतें, अशी एक ऐकीव युक्ति तेथेंही सांगतात. तिचें नांव काढतांच तो चिडला. त्या धुरांत प्राणवायु किती उरला आहे हें कोणीं मोजलेलें असतें, असें त्यानें विचारलें. जुनीं आंट्यांचीं तोंडें वापरतां येत असतील तर नवें भोंक पाडूंच नये, हेंही त्यानें बजावलें. पुतण्याला जीं दोन हवीं होतीं, त्यांपैकीं एक त्यानें रद्दच करविलें. वाचकांनीं लक्षांत ठेवावें, कीं हें वर्णन कोणीं स्वतः करून पाहावें यासाठीं नाहीं. आपण बोलाविलेला माणूस यांतलें कांहीं गाळीत नाहीं ना, हें ओळखतां यावें यासाठीं आहे.

येथें पहिला धोका संपतो, दुसरा पाण्याचा. वर बंबाची तुलना करतांना एक भेद राखून ठेवला होता, तो हा: बंबाचें नरसाळें उघडें असतें, टांकी बंद असते. बंब फार तापला तर वाफ उडून जाते. बंद टांकीला तशी वाट नसते. पाणी २० अंशांपासून ९० अंशांपर्यंत तापलें म्हणजे शेंकडा सुमारें साडेतीन भाग फुगतें. १९०० लिटरला हा फुगारा ६५ लिटर, म्हणजे चार कळशा पाणी. पाणी दाबून लहान होत नाहीं. या चार कळशांना जागा दिली नाहीं, तर ती जागा तें पोलाद फाडून करील. म्हणून टांकीला जोडून एक दुसरें भांडें ठेवतात. त्यांत रबराच्या पडद्यामागें हवा असते, ती दबून फुगलेल्या पाण्याला जागा देते. त्याखेरीज एक सुरक्षा-झडप लागते. दाब ठराविक मर्यादेपलीकडे गेला, कीं ती आपण होऊन उघडते. टांकी व ही झडप यांच्या मध्यें बंद करतां येईल अशी दुसरी कोणतीही तोटी बसवूं नये.

काम झाल्यावर टांकीची परीक्षा घेतात, ती पाण्याच्या दाबानें, हवेच्या नव्हे. दाबलेलें पाणी सांधा फुटतांच पिचकारी मारून शांत होतें. दाबलेली हवा मात्र स्प्रिंगेप्रमाणें उसळते व पत्रा भिरकावते.

या सर्व नियमांमागें प्राण गेले आहेत. मॅसॅच्युसेट्स राज्यांतील ब्रॉक्टन गांवीं २० मार्च १९०५ रोजीं जोड्यांच्या एका कारखान्यांतील बॉयलर फुटला. नवा बॉयलर दुरुस्तीसाठीं बंद होता, म्हणून त्या दिवशीं जुना पेटविला होता. तो छप्पर फोडून उडाला, इमारत कोसळून पेटली, आणि ५८ माणसें दगावलीं. कढत पाण्याचें भांडें फुटलें म्हणजे त्यांतील पाण्याचा कांहीं भाग एका क्षणांत वाफ होतो, व वाफेला पाण्याच्या सुमारें १६०० पट जागा लागते. स्फोटाचें बळ तें हें. त्यानंतर १९०७ सालीं त्या राज्यानें बॉयलरांचा कायदा केला, आणि अमेरिकेंतील यंत्रशास्त्रज्ञांच्या संस्थेनें १९१४ च्या आवृत्तीपासून बॉयलरांची नियमावली सिद्ध केली. टांकीवरच्या त्या लहानशा पाटीचें मूळ येथें आहे. पाटी असलेल्या भांड्यावर वाटेल त्यानें जोडकाम केलें, तर तिचा भरंवसा तेथेंच संपतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यांत. रिकाम्या टांकीचें पोलाद सुमारें ४३० किलो. पाणी भरल्यावर एकूण भार सुमारें २३०० किलो. तो लांकडी जमिनीवर ठेवूं नये. खालीं काँक्रीट पाहिजे. भोंवतालीं वीतभर जाड ऊबरक्षक आवरण पाहिजे, नाहीं तर सांठविलेली उष्णता कोठींतच विरते. कढत पाणी वरून काढावें, निवलेलें तळाशीं सोडावें, व सावकाश. म्हणजे बंबांतल्याप्रमाणें थर टिकतात. या टांकींतलें पाणी पिण्यास अगर स्नानास घेऊं नये. स्नानाचें पाणी वेगळ्या नळींतून नेऊन तिच्या उष्णतेवर तापवून घ्यावें. आणि काम सुरू करण्यापूर्वीं गांवचा बांधकाम-निरीक्षक व घराचा विमा उतरविणारे यांस विचारावें.

हें वाचून इकडील एखाद्या हौशी गृहस्थाला आपल्या स्वयंपाकघरांतील सिलिंडरचा कांहीं उपयोग करण्याची बुद्धि होईल, म्हणून दोन शब्द. तो १४.२ किलोचा सिलिंडर आपला नव्हे. आपण अनामत भरून तेल कंपनीकडून वापरण्यास घेतलेला असतो. त्याला कापणें तर राहोच, ठोकूंही नये. नको असेल तर परत करावा. पाणी तापविण्यासाठीं सूर्याच्या उष्णतेचीं साधनें आपल्याकडे त्याच कामासाठीं बनविलेल्या टांक्यांसह मिळतात. एक गोष्ट मात्र आजच पाहावी. न्हाणीघरांतल्या गीझरच्या झडपेंतून पाणी तापतांना थेंब गळतात, म्हणून कित्येक घरांत तिचें तोंड बुचानें बंद केलेलें असतें. ते थेंब म्हणजे फुगलेल्या पाण्यानें शोधलेली वाट होय. बूच काढून टाकावें; थेंब फार असह्य झाले, तर झडप बदलून घ्यावी.

२०२४ च्या डिसेंबरांत पुतण्याच्या टांकीखालील बॉयलरांत पहिला जाळ झाला. बाहेर शून्याखालीं अठरा अंश. पहांटे चार वाजतां संवयीप्रमाणें मला जाग आली; पायांखालची फरशी कोमट होती. कोठींत जाऊन पाहतों तों वरचा तापमापक ७४ वर व खालचा ५१ वर. जाळ विझून सात तास झाले होते. टांकीच्या बाजूला पुतण्यानें एक पत्र्याची नवी पाटी ठोकली होती. टांकी कधीं धुतली, कोणीं जोडली, परीक्षेचा दाब किती, तें तिच्यावर लिहिलेलें होतें. उद्यां घर दुसऱ्या कोणाचें झालें तर त्याला कळावें म्हणून, असें त्यानें सांगितलें.

ज्या भगिनींना झोंप येत नाहीं, त्यांना माझी विनंती अशी: मुलाला 'करूं नको' म्हणून कळवूं नये; चार प्रश्न विचारावे. टांकी कोणाच्या मालकीची? पाण्यानें भरून ती कोणीं धुतली? मूळची पाटी व परीक्षेचा दाखला कोठें आहे? आणि पाणी फुगेल तें कोठें जाईल? चारही उत्तरें आलीं, म्हणजे त्याला आशीर्वाद द्यावा व स्वस्थ निजावें. एक जरी उत्तर 'टांकी रिकामीच आहे, आई' असें आलें, तर हा अंक त्याच्याकडे पाठवावा.